दम किती, दौड किती?

श्रावणातील शेवटचा सोमवार जवळ येऊ लागला की अकोल्यातील कावड मंडळांची लगबग वाढते. आदल्या दिवशी शिवभक्तांचे जथे गांधीग्रामला पूर्णेच्या काठी जमतात, भरणी भरून घेतात आणि सुमारे १८ किलोमीटरची वाट तुडवून ग्रामदैवत श्री राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. अनेकांचे पाय अनवाणी असतात. मोठ्या मंडळांच्या पालख्यांना शेकडो भरणी बांधलेली असतात आणि खांदेकरी आळीपाळीने ते ओझे रात्रभर वाहतात. त्याआधी, ज्येष्ठात, शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरकडे गेलेली असते. ती वाट सातशे किलोमीटरहून अधिक आणि चालणे महिनाभराचे. अमरावतीत पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी ‘भरती’ची मुले-मुली बारमाही दिसतात. अलीकडे त्यांच्यात अर्धमॅरेथॉनच्या, म्हणजे २१.१ किलोमीटरच्या, तयारीला लागलेले चाळिशी-पन्नाशीचे नोकरदार मिसळले आहेत. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पार करावयाची ‘ब्रेव्हे’ करणारे सायकलस्वारही आता वऱ्हाडाला नवे राहिलेले नाहीत.

या साऱ्यांची उद्दिष्टे वेगळी असली तरी शरीराकडे होणारी मागणी एकाच जातीची आहे. दीर्घकाळ, न थांबता श्रम करता आले पाहिजेत. वऱ्हाडात ज्याला कौतुकाने ‘दमदार पोट्टं’ म्हणतात, त्याचा हा दम. मात्र तो आज नेमका किती आहे, हे मोजून मग सरावाला लागणारे थोडेच. बहुतेकांची तयारी दोनपैकी एका पद्धतीने होते. गेल्या वर्षी जमले म्हणून यंदाही जमेल, ही एक पद्धत. दुसरी म्हणजे रोज पहाटे उठून जीव तोडून धावायचे. दुसरी पद्धत वरवर कष्टाची आणि म्हणून योग्य वाटते. प्रत्यक्षात भरतीच्या कितीतरी मुलांच्या नडगीची दुखणी आणि महिनोन्महिने एकाच वेळेवर अडकलेले स्टॉपवॉच हे तिचेच फलित असते.

आखाड्यातील मोजणी

मोजून व्यायाम करणे ही कल्पना या भूमीला अपरिचित नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. पुढे मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून हजारो क्रीडाशिक्षक तयार झाले. या परंपरेतील आखाड्यात जोर आणि बैठका मोजल्या जातच असत. शिष्याने आज किती जोर काढले, कितव्या जोराला त्याचे हात थरथरू लागले, हे पाहून उस्ताद उद्याचा आकडा ठरवीत. ही एक उत्तम चाचणीच होती. पण तीतून कळत असे ते स्नायूंचे बळ. पाच तास चालणाऱ्या किंवा दीड तास धावणाऱ्या माणसाची मर्यादा स्नायूंच्या आधी हृदय, फुफ्फुसे आणि रक्त यांच्याकडून ठरते, आणि तेथे नजरेचा अंदाज पुरत नाही.

ही मर्यादा मोजण्याचा मार्ग १९२० च्या दशकात सापडला. १९२२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी, इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी पाठीवर हवेची पिशवी बांधून धावण्याचे प्रयोग केले. उच्छ्वासाची हवा त्या पिशवीत गोळा करून किती प्राणवायू वापरला गेला, हे तपासले जाई. वेग वाढेल तसा प्राणवायूचा वापर वाढतो. परंतु एक पातळी अशी येते की त्यापुढे वेग वाढवला तरी वापर वाढत नाही. ही प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता होय. शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिलिटर, अशा मापात ती सांगितली जाते.

केवळ या एका आकड्यावर शर्यतीचा निकाल मात्र लागत नाही. त्या क्षमतेचा किती हिस्सा तासभर टिकवून धरता येतो, हे दमाच्या खेळांत अधिक निर्णायक ठरते. सावकाश धावताना रक्तात तयार होणारे लॅक्टेट शरीर सहज वापरून टाकते. वेग एका विशिष्ट उंबरठ्यापलीकडे गेला की ते साचू लागते, श्वास तुटक होतो, पाय जड होतात आणि मग किती वेळ धावता येईल हे मिनिटांत मोजावे लागते. तिसरी बाब काटकसरीची. एकाच वेगाने धावण्यासाठी एकाला कमी प्राणवायू पुरतो, दुसऱ्याला जास्त लागतो. कमाल क्षमता सारखी असलेल्या दोन धावपटूंपैकी एक दुसऱ्याला दहा किलोमीटरमध्ये दोन-तीन मिनिटांनी मागे टाकतो, त्याचे कारण बहुधा या दोन गोष्टींत असते.

मैदानावरील हिशेब

प्रयोगशाळेतील ट्रेडमिल, तोंडाला लावलेला मुखवटा आणि वायूंचे विश्लेषण करणारे यंत्र ही या मोजमापाची अचूक पद्धत. ती सर्वांना उपलब्ध नाही आणि तिच्यावाचून अडतही नाही. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीला ४०० मीटरचा ट्रॅक आणि एक घड्याळ एवढेच लागते. बारा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर धावायचे. आलेल्या मीटरमधून ५०४.९ वजा करून उरलेल्या संख्येला ४४.७३ ने भागले की कमाल क्षमतेचा अंदाज मिळतो. ट्रॅकच्या सहा फेऱ्या, म्हणजे २४०० मीटर झाले तर उत्तर सुमारे ४२ येते. सात फेऱ्या झाल्या तर ५१. शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली हार्वर्ड स्टेप चाचणी याहून जुनी, १९४३ ची. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला तीस वेळा या गतीने पाच मिनिटे चढउतार करायची आणि नंतर नाडी किती लवकर खाली येते ते पाहायचे. तिला मैदानाचीही गरज नाही. अर्थात, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी तिच्या वाटेला न गेलेले बरे.

भरतीच्या उमेदवारांना वेगळी चाचणी शोधण्याची आवश्यकता नसते. राज्यातील पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते, महिलांना ८०० मीटर. सैन्य भरतीतही १.६ किलोमीटरची धाव असते. प्राणवायू-ग्रहणाच्या कमाल पातळीवरील वेग माणूस साधारणपणे सहा मिनिटांच्या आसपास टिकवू शकतो, आणि १६०० मीटरला बहुतेक तरुणांना जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ही धाव स्वतःच एक चांगली मोजपट्टी आहे. पण तिचा उपयोग करावा कसा?

एखाद्या मुलाने १६०० मीटर ६ मिनिटे २४ सेकंदांत पूर्ण केले असे समजू. त्याचा वेग किलोमीटरला चार मिनिटे, म्हणजे ताशी १५ किलोमीटर झाला. त्याच्या रोजच्या सावकाश धावण्याचा वेग याच्या ६५ ते ७५ टक्के असावा. हिशेब केला तर ताशी पावणेदहा ते सव्वाअकरा किलोमीटर, अर्थात किलोमीटरला साधारण साडेपाच ते सहा मिनिटे. आठवड्यातून एक-दोनदा त्याने ४०० मीटरच्या फेऱ्या प्रत्येकी ९६ सेकंदांत, मध्ये विसावा घेत कराव्यात. या दोन वेगांमधील फरक केवढा मोठा आहे, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्यक्षात हाच मुलगा रोज किलोमीटरला पावणेपाच मिनिटांच्या वेगाने पाच किलोमीटर धावत असतो. सावकाश म्हणावे तर तो वेग फार, आणि क्षमता वाढवायची म्हणावी तर अपुरा. रोज थकवा येतो, सुधारणा मात्र होत नाही. नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी जागतिक दर्जाच्या दमदार खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहापैकी सुमारे आठ सत्रे सावकाश वेगाची असल्याचे आढळले. चाचणीचा खरा लाभ हाच. किती जोरात धावायचे हे तर ती सांगतेच, त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती हळू धावायचे हे सांगते.

जाहिरात निघाल्यानंतर सहा आठवड्यांत सारे उरकू पाहणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते, कारण हळू धावणे म्हणजे आळस असा समज आहे. पण तयारीवाचून कमाल श्रमाला सामोरे जाण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेदरम्यान काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर धावेचे अंतर कमी करण्यात आले.

दिंडीची चाल

यंत्र, ट्रॅक, घड्याळ यांपैकी काहीही जवळ नसले तरी एक चाचणी सदैव हाताशी असते. धावताना पूर्ण वाक्य सलग बोलता आले तर लॅक्टेटचा उंबरठा अजून दूर आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो जवळ आला. बोलणेच नको वाटले तर तो ओलांडला. क्रीडाशास्त्रात ही ‘बोलण्याची चाचणी’ म्हणून मान्यता पावली आहे. वारकऱ्यांना ती कोणी शिकविली नाही. टाळ वाजवीत, अभंग म्हणत चालणारी दिंडी आपोआप गाता येईल त्याच चालीने चालते, आणि म्हणूनच साठी उलटलेली माणसे महिनाभर पावले टाकू शकतात. अभंग तुटू लागला की चाल कमी होते. व्यायामाची तीव्रता राखण्याची याहून सोपी रीत क्वचितच सापडेल. एकट्याने धावणाऱ्याने मनाचे श्लोक किंवा हनुमान चालिसा म्हणत धावून पाहावे. पहिल्याच किलोमीटरला आपला वेग किती चुकीचा होता ते कळेल.

नाडीवरून तीव्रता ठरवणारे पुष्कळ आहेत. मनगटी घड्याळे आता कमाल क्षमतेचा आकडाही दाखवतात. तो अंदाज असतो आणि घामेजलेल्या मनगटावर नाडीचे वाचन चुकू शकते, हे ध्यानात ठेवलेले बरे. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा काढण्याचे सूत्र सर्वतोमुखी झाले आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०८ मधून वयाचा ०.७ पट भाग वजा करावा, असे सुचवले. चाळिशीत दोन्ही सूत्रे १८० हाच आकडा देतात. साठीत मात्र पहिले १६० सांगते, दुसरे १६६. कोणत्याही सूत्राने व्यक्तीव्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक पडू शकतो. अनुभवी धावपटूसाठी अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे एकट्याने तीस मिनिटे झेपेल तितक्या जोराने, पण एकसारखे धावणे. शेवटच्या वीस मिनिटांतील नाडीची सरासरी ही उंबरठ्याची नाडी मानता येते आणि सरावाचे टप्पे तिच्या आधारे आखता येतात.

वऱ्हाडचे ऊन

पुस्तकातील तक्ते थंड देशांत तयार झाले आहेत. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश काढावे लागले होते. अशा हवेत शरीर थंड राखण्यासाठी रक्ताचा मोठा हिस्सा त्वचेकडे वळतो, घामावाटे पाणी जाते, आणि त्याच वेगाला नाडी कितीतरी वर चढते. जानेवारीत बारा मिनिटांत २६०० मीटर धावलेला तरुण मेमध्ये २४०० वर आला म्हणजे त्याचा दम कमी झाला, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. म्हणून चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी, शक्यतो सारख्या हवेत व्हावी, आणि आकड्याशेजारी तापमान नोंदवावे. आदल्या दिवशी जड सराव नको. उन्हाची सवय शरीराला होते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. ज्येष्ठात पालखीबरोबर निघणाऱ्यांनी सरावाचे शेवटचे दोन आठवडे सकाळी जरा उशिरा, ऊन अंगावर घेत, पण चाल कमी ठेवून चालावे, ते यासाठीच.

उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जाऊन धावले की ‘उंचावरचा सराव’ होतो, असा एक समज ऐकू येतो. चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरच्या आसपास आहे. रक्तातील तांबड्या पेशी वाढवणाऱ्या सरावासाठी दोन हजार मीटरहून अधिक उंची लागते. तेथील गारवा आणि चढ यांचा लाभ मात्र खरा आहे, आणि तो कमी नाही.

चाचणी आव्हानाला साजेशीही हवी. वारीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी बारा मिनिटे धावण्यात अर्थ नाही. त्यांना १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली रॉकपोर्ट चाचणी योग्य. एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर, शक्य तितक्या भरभर चालायचे आणि शेवटी लागलेला वेळ व नाडी टिपायची. दोन महिन्यांनी तेच अंतर कमी वेळात, कमी नाडीत झाले तर तयारी योग्य दिशेने चालली आहे. चालताना छातीत दडपण किंवा चक्कर आल्यास चाचणी तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. कावडीचा खांदेकरी चांगला धावतो म्हणून ओझे वाहू शकेलच असे नाही. त्याने ठराविक वजन खांद्यावर घेऊन तीन-चार किलोमीटर चालावे, दर किलोमीटरला नाडी पाहावी आणि ती कोठे झपाट्याने चढू लागते ते टिपावे. पाळी किती अंतराने बदलावी, याचे उत्तर त्या नोंदीत मिळते. तळव्यांची कातडी अनवाणी चालण्याला सरावलेली आहे का, हे पाहायलाही तीच संधी. सायकलस्वारांचा प्रश्न आणखी निराळा. वीस मिनिटांच्या चाचणीत चमकलेला स्वार दीडशे किलोमीटरनंतर पोटाच्या तक्रारीने खाली उतरतो. त्यामुळे त्यांनी पाच-सहा तासांच्या फेरीत काय खाल्ले, किती प्यायले आणि अखेरच्या तासाला त्याच वेगाची नाडी किती वाढली, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

रक्ताची साक्ष

या सर्वांआधी करावयाची एक चाचणी मैदानाबाहेरची आहे. प्राणवायू वाहून नेतो तो रक्तातील हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असलेल्या मुलीचे ८०० मीटर सुधारत नसतील तर दोष तिच्या जिद्दीचा नसतो. तिला आणखी फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा डॉक्टरांकडे पाठवणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम.

विदर्भापुरता दुसरा प्रश्न सिकलसेलचा. मेळघाटासह विदर्भातील आदिवासी आणि इतरही काही समाजांत या आनुवंशिक दोषाचे वाहक आढळतात. वाहक हा रुग्ण नसतो. त्याला एरवी काही त्रास जाणवत नाही आणि म्हणून आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. मात्र तीव्र उष्णता, शरीरातील पाण्याची कमतरता आणि सवय नसताना केलेले कमाल श्रम एकत्र आले की त्याचे स्नायू वेगाने मोडू लागण्याचा आणि तो कोसळण्याचा धोका असतो. अमेरिकेत २००६ मध्ये एका महाविद्यालयीन फुटबॉल खेळाडूचा सरावानंतर असा मृत्यू झाला. पुढे २०१० पासून तेथील वरिष्ठ गटाच्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी या तपासणीचा नियम झाला. अमेरिकी सैनिकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वाहकांमध्ये स्नायू मोडण्याचा धोका सुमारे दीडपट आढळला, मृत्यूचे प्रमाण मात्र इतरांपेक्षा अधिक नव्हते. सैन्यात तोवर उन्हात पाणी आणि विश्रांतीचे नियम सर्वांनाच लागू झाले होते, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी. म्हणजे वाहकाने धावू नये असे नाही. त्याने वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा, जोराच्या फेऱ्यांमध्ये पुरता विसावा घ्यावा, उन्हात आणि तापात कमाल चाचणी देऊ नये, आणि पाय किंवा पाठ अचानक दुर्बल वाटू लागल्यास ‘आणखी एक फेरी’च्या आग्रहाला बळी पडू नये. प्रशिक्षकाला ही गोष्ट आधी सांगून ठेवावी.

जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तिचा भर व्यापक तपासणीवर आहे. शासकीय आरोग्य यंत्रणेत या तपासणीची सोय आहे. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर सॉल्युबिलिटी चाचणी काही मिनिटांत होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील तपासणीने ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे निश्चित केले जाते. भरतीचा अर्ज भरला त्याच आठवड्यात हे काम उरकता येते.